ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड हे जुने व नामांकित गाव आहे. महाबळेश्वराच्या डोंगरातून निघालेल्या कृष्णा आणि कोयना या दोन नद्या वेगवेगळ्या वाटांनी वाहत येतात आणि कऱ्हाडजवळ अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. म्हणून या ठिकाणाला प्रीतिसंगम म्हणतात. कऱ्हाडच्या शेजारीच गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. या खेड्यात दादासाहेब जाधव नावाचे एक शेतकरी राहत असत. त्यांना कुस्तीचा मोठा नाद होता. ते स्वतः मल्ल होते आणि आपले पाचही पुत्र तालमीत घुमावेत अशी त्यांची इच्छा होती. या पाच भावांत सर्वांत धाकटे ते खाशाबा. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा वीर तो हाच.

खाशाबांचे बालपण शेतात, नदीच्या पाण्यात आणि तालमीत गेले. त्या काळी महाराष्ट्रातील बहुतेक गावांत एक तरी तालीम असे. तालीम म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. दगडामातीच्या चार भिंती, वर कौले, एका कोनाड्यात मारुतीची शेंदूर लावलेली मूर्ती आणि मधोमध लाल मातीचा हौदा. ही माती चाळून मऊ करतात आणि तीत ताक, तेल, हळद मिसळून तिची निगा राखतात. पहाटे अंधारातच मुले लंगोट कसून तेथे येत, मारुतीला नमस्कार करीत, मातीची चिमूट कपाळाला लावीत आणि मग जोर-बैठकांना प्रारंभ होई. वडिलांनी खाशाबांना वयाच्या पाचव्या वर्षापासूनच या मातीची ओळख करून दिली. आठ वर्षांचे असताना त्यांनी पंचक्रोशीतील एका नाणावलेल्या मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत अस्मान दाखविले, अशी आठवण सांगितली जाते.

तालमीत वस्ताद मुलांना डाव शिकवितात, त्यांचे प्रतिडाव शिकवितात. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, लपेट ही त्यांतील काही डावांची नावे. परंतु चांगला वस्ताद डावांच्या आधी आणखी एक गोष्ट शिकवितो. ती म्हणजे दम राखणे. दम राखणे याचा अर्थ केवळ छातीत श्वास पुरविणे एवढाच नाही. मनुष्याला भीती वाटली किंवा राग आला की त्याच्या हृदयाचे ठोके जलद होतात, श्वास आखूड होतो, हातापायांचे स्नायू ताठरतात. ताठरलेला हात जोराने दाबील, पण चपळाईने सुटणार नाही. रागावलेला डोळा प्रतिपक्ष्याच्या तोंडाकडे पाहत राहील; त्याचा पाय कोठे सरकला, त्याच्या कमरेचा तोल कोणत्या बाजूला गेला, हे त्याला दिसणार नाही. कुस्तीत तर सारा खेळ त्या तोलाचाच आहे. म्हणून राग गिळून श्वास लांब ठेवावयाचा आणि डोळा कामावर ठेवावयाचा, हा धडा तालमीत रोज गिरवावा लागतो. दंड कमावण्यास दोन-चार वर्षे पुरतात. हा धडा मात्र पुष्कळ मल्लांना जन्मभर साधत नाही.

या धड्याची परीक्षा जत्रेच्या फडात होते. फड कोल्हापूरकडचा असो वा वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्यातील, त्याचे रूप थोड्याफार फरकाने सारखेच. हजारो माणसे गोल धरून बसलेली असतात. हलगी कडाडत असते. कोणी फेटे उडवीत असतो, कोणी इनामाचे आकडे पुकारीत असतो. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी होतात आणि मग मोठ्या जोडी सुटतात. मल्ल शड्डू ठोकून फडात उतरतो तेव्हा त्याच्या गावाची माणसे त्याचे नाव घेऊन गर्जना करतात, तर दुसऱ्या गावची माणसे त्याला हिणवितात. अशा वेळी स्तुतीने फुगणारा आणि हिणवण्याने चिडणारा, असे दोन्ही प्रकारचे मल्ल फसतात. खाशाबांच्या अंगी लहानपणापासून होता तो गुण हा की फडात उतरल्यावर त्यांचे लक्ष प्रतिपक्ष्यावरून ढळत नसे. शरीराने ते लहानखुरे होते. समोरचा गडी बहुधा त्यांच्याहून उंच व वजनदार असे. त्याच्याशी बळाने बळ लावून चालण्यासारखे नव्हते. त्याने जोर केला की त्या जोराचाच उपयोग करून त्याला फेकावयाचे, एवढाच मार्ग मोकळा होता, आणि तो मार्ग डोके थंड असल्यावाचून सापडत नाही. ढाक हा त्यांचा आवडता डाव पुढे प्रसिद्धीस आला, त्याचे कारण हेच. ढाक लावताना क्षणाचा अचूक मेळ साधावा लागतो. जरा लवकर वळला तर प्रतिपक्षी पाठीवर येतो, जरा उशीर झाला तर तो सावध होतो.

खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. त्याच सुमारास, १९४२ साली, चले जावची चळवळ सुरू झाली. सातारा जिल्हा या चळवळीत पेटून उठला होता. सोळा वर्षांच्या खाशाबांनीही भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देण्याच्या, त्यांचे निरोप पोचविण्याच्या कामात भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेर. शाहू महाराजांनी तेथे कुस्तीला मोठा आश्रय दिला होता आणि खासबाग मैदानासारखे भव्य मैदान उभारले होते. तेथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले.

महाविद्यालयातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या वेळी खाशाबांनी कुस्तीसाठी नाव दिले. त्यांची लहान चण पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. या वेळी दुसरा एखादा तरुण संतापला असता किंवा हिरमुसून घरी गेला असता. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी भाग घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी आपल्याहून थोराड मल्लांना एकामागून एक चीत केले. अपमानाचे उत्तर हौद्यात द्यावयाचे, हौद्याबाहेर नव्हे, ही त्यांची रीत येथे प्रथम स्पष्ट दिसली. ती पुढे त्यांना फार उपयोगी पडणार होती.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरणार होते. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ सालचे सामने झालेच नव्हते. शिवाय भारत स्वतंत्र झाल्यानंतरचे हे पहिलेच सामने होते. खाशाबांनी लखनौच्या स्पर्धेत बंगालचे गाजलेले मल्ल निरंजन दास यांना हरविले आणि ५२ किलो वजनाच्या गटात त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा भार उचलला. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी मल्लाने त्यांना थोडेफार शिकविले. हा मल्ल आपल्या काळी जगज्जेता होऊन गेला होता.

लंडनला गेल्यावर खाशाबांना एक गोष्ट कळून आली. तेथील कुस्ती ही आपल्याकडील कुस्ती नव्हती. आपल्याकडे कुस्ती मातीत होते. तेथे ती गादीवर. मातीत पाय रुततो व ठरतो, गादीवर तो वेगळ्याच रीतीने टेकावा लागतो. आपल्याकडे प्रतिपक्ष्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून त्याला चीत केले की निकाल; तोपर्यंत घटका गेली, दोन घटका गेल्या, तरी चालत असे. तेथे कुस्तीला वेळेचे बंधन होते. त्या वेळात कोणी चीत झाला नाही, तर कोणी अधिक डाव केले, कोण वरचढ राहिला, हे पाहून पंच गुणांवर निर्णय देत. याहूनही महत्त्वाचा फरक म्हणजे तेथे एका कुस्तीने काहीच संपत नसे. चीतपट जिंकणाऱ्यास दंडाचा गुण नसे, केवळ गुणांवर जिंकणाऱ्यास थोडा दंड पडे, हरणाऱ्यास जास्त पडे. आणि दंडाची ठरावीक मर्यादा गाठली की मल्ल स्पर्धेतून बाद होई. म्हणजे जिंकल्यावर आनंदाने नाचण्यास सवड नाही आणि हरल्यावर रडत बसण्यासही सवड नाही. पुढची कुस्ती दारात उभीच. जत्रेतील मल्लाला एका दिवसापुरते चित्त आवरावे लागते. येथे ते लागोपाठ दोन-तीन दिवस आवरावे लागे आणि प्रत्येक कुस्तीनंतर ते पाटीसारखे पुसून कोरे करावे लागे.

गादीचा सराव नसतानाही खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरविले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही त्यांनी नमविले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचा निभाव लागला नाही. अखेरीस ते आपल्या गटात सहावे आले. या वजनाच्या गटात त्यापूर्वी कोणाही भारतीयाला एवढे वरचे स्थान मिळाले नव्हते. तथापि खाशाबांना त्याचे समाधान वाटले नाही. परत आल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे मेहनत वाढविली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या गटात गेले. वजन वाढले म्हणजे प्रतिपक्षीही अधिक ताकदीचे येणार, हे उघड होते. जोर, बैठका, दोरावर चढणे, धावणे, एकामागून एक ताज्या दमाच्या जोडीदारांशी लढत घेणे, असा त्यांचा दिनक्रम असे. दमलेल्या शरीराने ताज्या मल्लाशी झुंजण्याचा हा सराव हेलसिंकीत त्यांच्या कामी यावयाचा होता.

पण हेलसिंकीला पोचण्यापूर्वी त्यांना दोन अशा कुस्त्या खेळाव्या लागल्या की ज्यांना हौदाही नव्हता आणि गादीही नव्हती.

पहिली कुस्ती अन्यायाशी होती. १९५२ च्या सामन्यांसाठी निवड मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेतून व्हावयाची होती. तेथे खाशाबा चांगले लढले, पण पंचांनी त्यांना विजेत्यापेक्षा केवळ एक गुण कमी दिला. या एका गुणाने त्यांचा ऑलिंपिकचा मार्ग बंद झाला. हा निकाल निःपक्षपाती नाही, अशी त्यांची खात्री होती. चार वर्षांची मेहनत एका गुणाने मातीत जाताना पाहणे, हे कोणत्याही खेळाडूला असह्यच वाटेल. येथे मनुष्याचा स्वभाव कसाला लागतो. कित्येक गुणी खेळाडू अशा वेळी पंचांच्या अंगावर धावून गेले आहेत आणि त्यांनी आपले नुकसान दुप्पट करून घेतले आहे. दुसरे कित्येक नशिबाला बोल लावून खेळ सोडून बसले आहेत. खाशाबांनी यांतील काहीच केले नाही. पण ते मुकाट्यानेही बसले नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. राग आवरणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. पतियाळाचे महाराज हे कुस्तीचे चाहते व त्या वेळच्या क्रीडाक्षेत्रातील वजनदार गृहस्थ होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांना त्यांचे म्हणणे पटले आणि त्यांनी चाचणीची कुस्ती ठेवविली. त्या कुस्तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला स्पष्टपणे चीत केले. आता गुण मोजण्याचे कारणच उरले नाही.

दुसरी कुस्ती पैशाशी होती. निवड झाली, तरी फिनलंड देशातील हेलसिंकीपर्यंत जाण्यायेण्याचा खर्च मोठा होता आणि तो बहुतेक खेळाडूनेच उभा करावयाचा होता. सरकारकडे मदत मागितली, पण ती वेळेवर पदरात पडली नाही. तेव्हा खाशाबा व त्यांचे आप्त घरोघर फिरले. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी, कऱ्हाडच्या दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले. तरीही रक्कम पुरी होईना. मग राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये खाशाबांच्या हाती ठेवले. त्या काळी सात हजार रुपये ही लहान रक्कम नव्हती. आपल्या विद्यार्थ्यासाठी घरावर कर्ज काढणारा गुरू विरळाच. परंतु त्या ऋणाचे ओझेही तितकेच मोठे होते. ज्याच्या खांद्यावर एका गावाची वर्गणी आणि एका गुरूचे घर आहे, त्याने निर्भार मनाने गादीवर उतरावे कसे?

१९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकीचे सामने सुरू झाले. कोल्हापूरकडचेच केशवराव माणगावे हेही भारताच्या कुस्ती संघात होते. उत्तर ध्रुवाजवळचा तो देश. तेथे जुलैत रात्री दहा वाजले तरी उजेड असतो. अन्न निराळे, भाषा निराळी. कुस्त्या एका मोठ्या बंदिस्त सभागृहात होत. तेथे ना हलगी, ना फेटे उडविणारी मंडळी. आपल्या नावाची गर्जना करणारे कोणी नाही आणि हिणविणारेही कोणी नाही. एका अर्थी हेही अवघडच. गावच्या आरोळ्यांवर ज्याचा उत्साह अवलंबून असतो, तो परक्या शांततेत गळून जातो. आजकाल मोठ्या संघांबरोबर शिक्षक, वैद्य आणि खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेणारे मानसशास्त्रज्ञही असतात. स्पर्धेपूर्वी श्वास कसा संथ करावा, मनातल्या मनात डावाची उजळणी कशी करावी, हे ते शास्त्रशुद्ध रीतीने शिकवितात. खाशाबांच्या मागे असे कोणी नव्हते. त्यांच्याजवळ तालमीचा तो जुना धडा होता.

पहिल्या फेरीत त्यांची गाठ कॅनडाच्या आद्रियां पोलिकँ या मल्लाशी पडली. त्याला त्यांनी हरविले. त्यानंतर मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावरही त्यांनी विजय मिळविला. तीन देशांचे तीन मल्ल, तिघांची लढण्याची ढब वेगळी. एकाला हरविताना जो डाव चालला तो दुसऱ्यावर चालेलच असे नाही. प्रत्येक वेळी नव्याने समोरच्याचा अदमास घ्यावयाचा, त्याचा जोर कोणत्या पायावर आहे हे हाताने चाचपावयाचे आणि संधी दिसेपर्यंत धीर धरावयाचा. आपण जिंकत आहोत या विचारानेसुद्धा चित्त विचलित होते, हे अनुभवी खेळाडू जाणतात. पदक दिसू लागले की डोळा पदकाकडे जातो आणि पाय चुकतो.

आता गटात तीन मल्ल पुढे उरले : जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेयोव आणि भारताचे खाशाबा जाधव. इशी हा मुळात ज्यूदो खेळणारा. जपानी द्वंद्वाच्या त्या प्रकारातून तो कुस्तीकडे वळला होता. मामेदबेयोव हा भक्कम शरीराचा व गादीवर मुरलेला मल्ल. या दोघांशी झालेल्या कुस्त्यांत खाशाबांना हार पत्करावी लागली. दोन्ही वेळा निर्णय पंचांच्या गुणांवर झाला; खाशाबा चीत झाले नाहीत. या दोन कुस्त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुढे वारंवार सांगितली गेली आहे. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. पण एक दीर्घ लढत संपवून घामाने निथळत असलेल्या खाशाबांना लगेच दुसऱ्या लढतीसाठी पुकारण्यात आले. त्यांच्या वतीने नियम दाखवून तक्रार करण्यासाठी कोणी भारतीय अधिकारी त्या ठिकाणी हजर नव्हता. परक्या मुलखात, परक्या भाषेत, एकट्या मल्लाने वाद तो काय घालावा? खाशाबा पुन्हा गादीवर उतरले.

ती लढत ते जिंकले असते की नाही, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण थकलेल्या शरीराने, मनात अन्यायाची बोच असताना, ते मामुली मल्लासारखे कोसळले नाहीत. एका गोष्टीवर त्यांची सत्ता नव्हती, ती म्हणजे पुकारा. दुसऱ्या गोष्टीवर होती, ती म्हणजे त्यानंतरची मिनिटे. त्या मिनिटांत त्यांनी प्रतिपक्ष्याला आपले खांदे गादीला टेकवू दिले नाहीत. २३ जुलै १९५२ रोजी इशीला सुवर्णपदक, मामेदबेयोवला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने हेलसिंकीतच सुवर्णपदक जिंकले. पण हॉकी हा अकरा जणांचा खेळ. एकट्याने लढून मिळविलेले स्वतंत्र भारताचे पहिले पदक खाशाबांच्या गळ्यात होते. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते.

परत आल्यावर कऱ्हाडात जे स्वागत झाले त्याची आठवण तेथील वृद्ध मंडळी पुढे अनेक वर्षे काढीत असत. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोक त्यांना आणावयास गेले. ढोल, लेझीम, गुलाल यांची एकच धमाल उडाली. कऱ्हाडहून गोळेश्वरला चालत जाण्यास फार वेळ लागत नाही. पण त्या दिवशी मिरवणुकीला तेवढ्या वाटेसाठी सात तास लागले, असे सांगतात. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या कनवटीचे चार पैसे काढून दिले होते, त्यांनी ते पदक हातात घेऊन पाहिले.

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला. कर्ज उरले. खाशाबांनी मानसन्मानात दिवस घालविले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले आणि जमलेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचे ऋण फेडले. गुरूंचे घर मोकळे झाले. जगातील अत्युत्तम मल्लांशी लढून आलेला हा वीर पुन्हा लाल मातीत, हलगीच्या तालावर लढत होता, तो पदकासाठी नव्हे तर एका गहाणखतासाठी. त्यांच्या साऱ्या कुस्त्यांत हीच कुस्ती मोठी होती, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यातील स्पर्धांत त्यांनी पुष्कळ विजय मिळविले आणि तरुण पोलिसांना कुस्ती शिकविली. १९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने भरले. तेथे जाण्याची त्यांची तयारी होती. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ती संधी हुकली. तिसऱ्यांदा जगापुढे उभे राहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. पोलीस खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षे सेवा केली. बढतीसाठी त्यांना फार काळ वाट पाहावी लागली. शेवटी ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या वेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. ज्या देशाला त्यांनी पदक आणून दिले, त्या देशाने त्यांच्या हयातीत त्यांची पुरेशी कदर केली नाही, ही गोष्ट झाकून ठेवण्याजोगी नाही. पद्म पुरस्काराने गौरव झालेल्या ऑलिंपिकवीरांची नावे पुढे पुष्कळ झाली; त्या यादीत खाशाबांचे नाव नाही.

१९८२ साली दिल्लीत आशियाई सामने भरले. त्या सामन्यांची ज्योत घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना स्थान देण्यात आले. साठीच्या जवळ आलेला तो मल्ल हातात ज्योत घेऊन धावला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पदकानंतर भारताला ऑलिंपिकमध्ये दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. ते १९९६ साली अटलांटा येथे टेनिसपटू लिएंडर पेस यांनी मिळविले. कुस्तीतील पुढचे पदक तर २००८ साली बीजिंग येथे आले. मधल्या काळात कितीतरी बलदंड मल्ल ऑलिंपिकला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. या आकड्यांवरून १९५२ सालच्या त्या कांस्यपदकाचे मोल लोकांना हळूहळू कळू लागले. महाराष्ट्र शासनाने खाशाबांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच मिळाला. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला खाशाबा जाधव यांचे नाव देण्यात आले. आता देशोदेशीचे मल्ल तेथे येतात, गादीवर उतरण्यापूर्वी क्षणभर उभे राहून श्वास सोडतात, आणि पंचाची शिट्टी वाजते.